गाण्याची पट्टी कुणाच्या नावावर?



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे आजची तरुण मुलं आणि त्यांची गाणी. पोरं ज्याला 'सिंगल' म्हणतात, ती गाणी. सिनेमा नाही, अल्बम नाही, एकच गाणं येतं, तीन मिनिटांचं, आणि अख्खी लगीनसराई गाजवून जातं. या विषयावर माझ्या वयाच्या माणसाला बोलायला बसवलं की तो दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, हल्लीच्या गाण्यांना अर्थ नसतो. दोन, आवाज फार. मी यातलं काहीच सांगणार नाही. मला ही गाणी आवडतात. सिनेमातलं 'झिंगाट' लागलं तरी आमच्या आळे गावातले सत्तरीचे लोक ठेका धरतात, त्यात मीही असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे : गाणं लिहिलं कुणी, चाल लावली कुणी, गायलं कुणी, ही तीन नावं सांगत जा.

किरकोळ वाटतंय ना? ऐका तर.

आळेफाट्याजवळ एका हळदीला गेलो होतो. टेम्पोवर स्पीकरचे डबे रचलेले, पुढं पन्नाससाठ पोरं. 'गुलाबी साडी' लागलं. पोरांना शब्द न् शब्द पाठ. गाणं संपल्यावर घामानं निथळणाऱ्या एकाला धरलं आणि विचारलं, "कुणाचं रे हे गाणं?" तो म्हणाला, "रीलवालं आहे, सर." शेजारचा म्हणाला, "नाय नाय, डीजेवाल्याचं आहे." म्हणजे गाणं लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड, आपल्याच महाराष्ट्रातल्या जळगाव जिल्ह्यातला, २०२४ साली त्यानं हे गाणं काढलं, आणि ज्यांच्या अंगात ते भिनलंय त्यांना त्याचं नाव ठाऊक नाही. पुढची गंमत अशी की त्याच गाण्यात मधूनमधून एक जाडाभरडा आवाज घुसत होता. डीजे अमुक, डीजे तमुक, अमुकगावकर! ज्यानं मूळ गाण्याला वरून ढोल जोडला त्याचं नाव त्या तीन मिनिटांत कितीदा तरी आलं. ज्यानं गाणं लिहिलं त्याचं एकदाही नाही.

आता तुम्हीच विचार करा. तुम्ही टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जाता. वीस किलोचा क्रेट, असे शंभर क्रेट. लिलाव होतो, आडत्या पट्टी करतो. पट्टीवर काय असतं? सगळ्यात वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव. मग क्रेट किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती. समजा, एखाद्या दिवशी तुमच्या मालाची पट्टी टेम्पोवाल्याच्या नावावर फाटली. तुम्ही "असू द्या, माल तर खपला" म्हणाल का? बाजार समितीचं गेट डोक्यावर घ्याल! बियाणं तुमचं, मल्चिंग तुमचं, करपा पडला तेव्हा रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तो तुमचा. टेम्पोवाल्यानं भाडं घ्यावं, जरूर घ्यावं, पण पट्टी त्याच्या नावावर कशी? गाण्याचं हे रोज होतंय. माल खपतोय, भरपूर खपतोय, आणि पट्टी फाटतेय टेम्पोवाल्याच्या नावावर.

पूर्वी असं नव्हतं, निदान एवढं नव्हतं. आमच्या घरात स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी लिंबाच्या झाडाला कर्णा बांधायचा, खाली टेबलावर मशीन आणि तबकड्यांची पेटी. तबकडीच्या मधोमध गोल कागद असतो. त्यावर सिनेमाचं नाव, गाणाऱ्याचं नाव, संगीत कुणाचं, गीत कुणाचं, सगळं छापलेलं. आमचे चुलते सुई टेकवण्याआधी तबकडी उजेडाकडं धरून माइकवर वाचायचे. "ऐका मंडळी, चित्रपट पिंजरा, संगीत राम कदम, गीत जगदीश खेबुडकर, गायिका उषा मंगेशकर." शिक्षण त्यांचं चौथी. पण खेबुडकर कोण हे आमच्या आळीतल्या शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही माहीत होतं, ते त्या गोल कागदामुळं.

एकेकट्या गाण्याचा हा जमाना सुरू झाला तोच मुळी तबकडीवर. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं, म्हणून गाणं तेवढंच. १९४९ मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीनं ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. एक गाणं या बाजूला, एक त्या बाजूला. कॉलेजच्या पोरांच्या खिशाला परवडणारी. रॉक अँड रोल पसरलं ते याच तबकडीवर. ५ ऑक्टोबर १९६२ ला इंग्लंडात बीटल्सची अशी पहिली तबकडी आली, 'लव्ह मी डू'. तिच्या जाहिरातीसाठी आधी वाटलेल्या प्रतींवर पॉल मॅकार्टनीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. चुकलेलं का होईना, नाव होतं! मी हेच सांगतोय. चुकवून लिहा, पण लिहा. पुढं बीटल्सच्या गाण्यांचे हक्क भलत्यांच्याच हातात गेले, ती मोठी कहाणी आहे, नुसतं नाव असून भागत नाही हेही खरं, पण तिकडं वळलो तर माझी दहा मिनिटं तिथंच संपतील.

आपल्या रेडिओचंही सांगतो, रेडिओवर बसलोय म्हणून नव्हे. गाण्याआधी गीतकाराचं नाव सांगायची पद्धत आकाशवाणीवर आली ती साहिर लुधियानवींच्या आग्रहामुळं, असं सांगतात. साहिर म्हणाले, गायकाचं सांगता, संगीतकाराचं सांगता, मग ज्यानं शब्द दिले त्याचं का नाही? बरोबरच होतं त्यांचं. आजही विविध भारती लावा, गाणं लागायच्या आधी किंवा नंतर नावं येतातच. फर्माईश करणाऱ्या अख्ख्या कुटुंबाची नावंसुद्धा येतात.

आता कुणी म्हणेल, आपल्या लोकांना नावाचं एवढं काय! वा रे वा! आपल्या भागाला नावाचं वावडं आहे? फाट्यावर एक फ्लेक्स लागतो, वाढदिवस एकाचा आणि खाली शुभेच्छुक चाळीस, फोटोंसकट. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, तमाशा गाजवणाऱ्या विठाबाईंचं गाव. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्या तमाशात गण, गवळण होते, मग रंगबाजी. रंगबाजीत आज कुठलं गाणं? जे कालपरवा मोबाईलवर आलं तेच. मला त्यात वावगं वाटत नाही. पब्लिकला जे हवं ते फडाला द्यावंच लागतं. पण बघा, गाणं रंगात आलं की पुढच्या रांगेतून कुणी शंभराची नोट देतो, आणि लगेच माइकवर, "अमुक शेठ, मुक्काम पोस्ट अमुक, यांच्याकडून शंभर रुपये!" शंभर रुपये देणाऱ्याचं नाव दोनदा. ज्याच्या शब्दांवर ती नोट निघाली त्याचं?

जुने शाहीर हे ओळखून होते. पठ्ठे बापूरावांनी लावणीच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफून टाकलं. लावणी गायची तर नाव घ्यावंच लागेल, सोलून काढता येत नाही. आपल्या संतांनीही तेच केलं, तुकोबांनी केलं, ज्ञानोबांनी केलं. आणि हल्लीची रॅप करणारी पोरं? गाण्याच्या सुरुवातीलाच स्वतःचं नाव ठोकून मोकळी होतात. म्हातारे त्याला घमेंड म्हणतात. मी म्हणतो, शाबास! पट्टी आपल्या नावावर पाडून घेतात ती.

आमच्या गावात तर ज्ञानोबांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. चैत्रात यात्रा भरते. वेद म्हणणाऱ्या रेड्याची आठवण आम्ही सातशे वर्षं ठेवली, आणि ज्या गाण्यावर त्याच गावातली पोरं रात्रभर नाचतात ते लिहिणाऱ्याची सकाळपर्यंत राहत नाही.

संगीतकार अजय-अतुलचं नाव मात्र आपल्या पोरांना माहीत आहे, ते खरं. वडील महसूल खात्यात होते, लहानपण पुणे जिल्ह्यातल्या गावांत गेलं, म्हणून आपल्याला ते घरचे वाटतात. 'सैराट' २०१६ चा. गावाकडच्या पोरांच्या नाचाची गाणी असलेल्या त्या सिनेमासाठी ते हॉलीवूडच्या स्टुडिओत जाऊन तिथला वाद्यवृंद वाजवून आले. पण आता विचारा, मराठीत रॉक पहिल्यांदा जोरात कुणी गायलं? पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा', १९७८, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात तमाशाचा बाज होता, नाट्यसंगीत होतं आणि रॉकही होतं. ते रॉक गाणारे नंदू भेंडे, आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. २०१४ मध्ये गेले. कॉलेजात गिटार गळ्यात अडकवून बँड काढणाऱ्या आपल्या पोरांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? आणि आज क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' हॉलंडची कंपनी काढते. मराठी गाणं कुठल्या कुठं गेलं! यावर खरं तर स्वतंत्र बोलायला हवं... समोरून काचेमागून हात दाखवतायत. आवरतो.

पण कायद्याचं सांगितल्याशिवाय उठणार नाही. पूर्वी गीतकार, संगीतकार गाणं उक्तं द्यायचे. उभा प्लॉट व्यापाऱ्याला उक्ता दिला की पुढं भाव दुप्पट झाला तरी शेतकऱ्याच्या हाती काही नाही, तसंच. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले. तेव्हापासून गाणं विकलं तरी गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडंच राहतो, तो कंपनीला लिहून घेता येत नाही. मात्र त्याच कायद्यात लग्नाच्या कार्याला आणि वरातीला सूट आहे. तिथं गाणं वाजवलं म्हणून कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. ठीक आहे, आपल्या दारात मंगलकार्य आहे, सरकारनं सूट दिली, घ्या. पण बाबांनो, पैसे माफ झाले, नाव कुठं माफ झालंय? नाव घ्यायला तर दमडीही लागत नाही!

तेव्हा डीजेवाल्या भावांनो, तुमचं नाव गाण्यात दहा वेळा येऊ द्या, माझी हरकत नाही. तुमची मेहनत आहे, कर्ज काढून तुम्ही ते डबे घेतलेत. पण गाणं सुरू करायच्या आधी एकदा, फक्त एकदा, माइकवर म्हणा : गीत अमुक, संगीत अमुक, गायक अमुक. आमचे चौथी शिकलेले चुलते म्हणायचे, तुमच्याकडं तर लॅपटॉप आहे.

आणि शाळेतल्या गुरुजींना, बाईंना माझी हात जोडून विनंती. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं येतील. मुलं याच गाण्यांवर नाचणार, नाचू द्या. निवेदन करणाऱ्या मुलीच्या हातात आपण चिठ्ठी देतो, त्यावर असतं, "सादर करीत आहेत इयत्ता सातवी अ." त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा, तीन नावांची. व्हिडिओच्या खाली ती बहुतेक वेळा लिहिलेली असतात, दोन मिनिटांत सापडतात. आणि शोधायचं काम त्या मुलांनाच द्या.

वेळ संपली.