टेकू आणि पाणी

लायबेरियात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. त्यांत सुमारे अडीच लाख माणसे मेली. ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर पद सोडून नायजेरियात गेले, अक्रा येथे शांतता करार झाला आणि १ ऑक्टोबरपासून संयुक्त राष्ट्रांची मोहीम सुरू झाली. १५ हजारांपर्यंत सैनिक पाठवण्यास सुरक्षा परिषदेने मंजुरी दिली होती.

अशा मोहिमेचे काम घराच्या स्लॅबवरून चटकन कळते. काँक्रीट ओतले जाते ते सेंट्रिंगवर. त्या घटकेला सारा भार खालच्या टेकूंवर असतो. टेकू डोळ्यांत भरतात, पण स्लॅब पक्का होतो तो रोज मारलेल्या पाण्याने. सैनिक हे टेकू. रोजगार, शाळा, दवाखाना, विश्वासाचे पोलीस ठाणे हे पाणी.

शस्त्रे जमा करण्याचे काम डिसेंबर २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियाजवळ सुरू झाले. अपेक्षेपेक्षा फार जास्त लढवय्ये आले, पैशांवरून दंगल उसळली आणि काम थांबवावे लागले. एप्रिल २००४ मध्ये ते नव्याने सुरू झाले. वर्षअखेरपर्यंत एक लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली. बंदुका मात्र सुमारे २८ हजारच मिळाल्या. नोंद झालेल्यांत हजारो स्त्रिया आणि मुले होती. त्यांच्या हातांना काम देणे ही खरी कसोटी होती आणि तेथेच पैसा आणि वेळ अपुरा पडला. गथ्री येथील रबराचा मळा माजी लढवय्यांच्या ताब्यात होता. सरकारला तो २००६ मध्ये परत मिळाला. बंदूक खाली ठेवली म्हणजे शांतता आली, असे मानू नये. स्लॅब ओतला म्हणजे घर झाले, असे कोणी म्हणत नाही.

पाणी मारण्याचे काम संथ असते, म्हणून त्याची बातमी होत नाही. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या. आफ्रिकेतील त्या पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष. २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी मन्रोव्हियात आली. पूर्णपणे महिलांची अशी ही संयुक्त राष्ट्रांची पहिलीच तुकडी. रात्रीची गस्त घालणाऱ्या या स्त्रियांना पाहून लायबेरियन तरुणींनाही पोलीस दलाची वाट दिसली. तुकडी २०१६ मध्ये परतली.

२०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि कच्चा राहिलेला भाग उघडा पडला. दवाखाने आणि डॉक्टर अपुरे होते. साथीत ४,८०० हून अधिक माणसे दगावली. मोहीम मात्र देशातच राहिली. टेकू तेव्हाच काढले असते तर काय झाले असते, याचा विचार घाई करणाऱ्यांनी जरूर करावा.

टेकू कायमचे ठेवले तर त्या घरात राहताही येत नाही. म्हणून ३० जून २०१६ रोजी सुरक्षेची जबाबदारी लायबेरियाकडे सोपवण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये सरलीफ यांच्याकडून जॉर्ज वेआ यांच्याकडे शांततेने सत्ता गेली. निवडून आलेल्या एका नेत्याकडून दुसऱ्याकडे असे सत्तांतर सत्तरहून अधिक वर्षांत प्रथमच झाले. ३० मार्च २०१८ रोजी मोहीम संपली.

न्यायाचा प्रश्न उरतो. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियातील पीडितांचे काय, हा विषय आजच्या वेळेत मावणारा नाही. एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे: मोहिमेचे मोजमाप सैनिकांच्या संख्येवर करू नये, बंदूक टाकलेल्या माणसाला पुढे काम मिळाले का, हे आधी विचारावे.