राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाच्या पायरीवरून



लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ साली अवघ्या ३८ चित्रांनिशी सुरू झाली. ट्रॅफल्गार चौकातील तिची वास्तू १८३८ साली खुली झाली. पश्चिमेकडील श्रीमंतांना गाडीतून आणि पूर्वेकडील गरिबांना पायी येता यावे, म्हणून ही मध्यवर्ती जागा निवडण्यात आली. कायम संग्रह पाहण्यास आजही शुल्क नाही. तरीही आम्ही कित्येक वर्षे त्या पायऱ्यांपाशी बिचकलो. 'हे आपल्यासाठी नव्हे' ही जुनी धास्ती आमच्याबरोबर समुद्र ओलांडून आली होती.

अखेर आत गेलो. व्हॅन आइकने १४३४ साली रंगविलेले धनिक दांपत्य पाहिले. लिओनार्दोचे कोळशाने व पांढऱ्या खडूने काढलेले भव्य रेखाचित्र पाहिले. परंतु पाय खिळले ते जॉर्ज स्यूराच्या चित्रापाशी. सुमारे ३ मीटर रुंदीच्या त्या पटावर राजा नाही, देवदूत नाही. नदीकाठी विसावलेली साधी माणसे आहेत आणि मागे कारखान्यांची धुरांडी. १८८४ साली पॅरिसच्या प्रतिष्ठित प्रदर्शनाने ते नाकारले होते. आज ते राष्ट्राचा ठेवा आहे.

आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. चित्रांत कोण आहे हे त्यांनी पाहावे, कोण नाही हेही विचारावे. आमची धास्ती मात्र त्यांच्या वाट्याला येऊ नये, एवढीच विनंती.