कूस बदलली का?



अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला,
माकडहाडापाशी जखमा होतात.
पूर्वी नर्सेस तिथं स्पिरिट चोळत, पावडर लावत.
त्याचा उपयोग किती, हे फारसं कुणी मोजलं नव्हतं.

ब्रिटनमधल्या नर्स डोरीन नॉर्टन यांनी ते मोजलं.
१९६२ साली त्यांचा अहवाल आला.
चोळण्यापेक्षा कूस बदलणं महत्त्वाचं.
पुन्हा सांगते, कूस बदलणं.
घरात कुणी झोपून असेल, तर एवढं कराच.

आता अशा संशोधनाला लागणाऱ्या पैशाचं.
तो काही सुखासुखी मिळत नाही!
अमेरिकेत नर्सिंग संशोधन केंद्राची तरतूद असलेलं विधेयक
राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अडवलं.
तिथल्या संसदेनं त्यांचा नकार मोडून काढला.
१९८६ मध्ये केंद्र सुरू झालं.
१९९३ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला.