सेवेतला विसावा

(दिंडीच्या शताब्दी वर्षात लोणंद मुक्कामी, हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलणाऱ्या ताई निवृत्त अंगणवाडी सेविका असून अनेक वर्षे दिंडीत तुळस घेऊन चालतात.)



दिंडीला शंभर वर्षं झाली, तर सेवेवर दोन शब्द बोला, असं मला सांगितलं. मी कीर्तनकार नाही. मला निरूपण येत नाही. अंगणवाडीत पोरं सांभाळली, नंतर बचत गट, दारूबंदी, पाण्याचं काम असं करत आले. त्यामुळं गावाचं काम करणाऱ्या माणसाबद्दलच बोलते. हे माणूस दमतं, आणि दमलं की काम बंद पडतं. त्याचं काय करायचं, एवढाच माझा विषय.

आमच्या भागातल्या एका गावात एक बाई आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. नवरा दारूनं गेला. तिनं ठरवलं, गावातलं दुकान बंद करायचं. तुमच्यापैकी ज्या बायांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, नुसता मोर्चा काढून भागत नाही. सह्या गोळा करायच्या, अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. उभी बाटली की आडवी बाटली. आणि नियम असा की मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे जी घरी बसली, ती दुकानाच्या बाजूनं मोजली गेली. कापसाच्या वेचणीला बाहेरगावी गेलेल्या बायांना भाड्याची गाडी करून आणावं लागतं. हे सगळं त्या बाईनं केलं. दुकान बंद झालं. गावानं गुलाल उधळला.

खरं काम तिथून सुरू झालं, आणि तेव्हा गुलालवाले घरी गेले होते. रात्री अकराला फोन, ताई, यांनी पिऊन मारलं. सकाळी पोलीस ठाणं. दुपारी कुणाच्या विधवा पेन्शनचे कागद. टपरीमागं चोरून बाटल्या विकतात, ताईला सांगा. शाळेत मास्तर येत नाही, ताईला सांगा. ताईच्या घरी म्हैस, दोन एकर रान, सून बाळंतीण. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. दोन वर्षांनी काय झालं? झोप उडाली. रक्तदाब वाढला. ज्या बायांसाठी झटायची, त्यांच्यावरच खेकसायला लागली. हरिपाठाला यायची बंद झाली. एक दिवस दाराला आतून कडी लावली आणि म्हणाली, माझ्याकडं कुणी येऊ नका. गाव काय म्हणालं? ताई फुगली. आणि टपरीमागची बाटली टपरीपुढं आली.

माउली, त्या बाईची भक्ती कमी पडली का? हिंमत कमी पडली का? माझं मत स्पष्ट आहे, तिचं काही कमी पडलं नाही. गावाची व्यवस्था कमी पडली. आणि ती व्यवस्था कशी असावी हे शिकायला कुठं लांब जायला नको. आपण रोज तिच्यातूनच चालतोय.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. तरणा गडी आठवड्यात पोचेल. एसटीनं तर एका दिवसाची गोष्ट. मग माउलींची पालखी १८-२० दिवस का घेते? कारण ती सगळ्यांत हळू चालणाऱ्या म्हातारीच्या पायानं चालते. आता पुणे ते सासवड हा टप्पा आठवा. तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात दिवे घाट. वारीतला सगळ्यांत कठीण दिवस. आणि त्यानंतर काय असतं? बहुतेक वर्षी सासवडला दोन मुक्काम. हा दुसरा मुक्काम कुणी दमून मागितलेला नाही. कुणी हात जोडून म्हणत नाही की महाराज, पाय सुजले, उद्या थांबू या. निघायच्या आधीच पत्रिकेत छापलेलं असतं. जो दमला तोही थांबतो, जो दमला नाही तोही थांबतो. त्यामुळं थांबण्याची लाज कुणाला वाटत नाही. दमलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडानं विसावा मागायला लावणं, हीच मोठी शिक्षा असते. चांगलं माणूस मागतच नाही, ते थेट पडतं.

दुसरी गोष्ट विण्याची. गावात सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. पण म्हणून एकाच माणसाला सात दिवस उभं करतो का? पहारे लावतो. पाटीवर नावं लिहितो, अमुक ते अमुक वेळ अमुक जण. रात्री दोनचा पहारा कुणालाच नको असतो, तरी त्यासाठीही नाव मिळतं, कारण तासा-दोन तासांनी सुटका आहे हे माहीत असतं. दुसरा येतो, पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो, पहिला जाऊन झोपतो. झोपायला गेलेल्याला कुणी म्हणतं का, याची भक्ती आटली? आणि पुढचा विणेकरी वेळेवर आला नाही तर बोल कुणाला लागतो? न आलेल्याला. उभ्या असलेल्याला नाही. गावाच्या कामात मात्र आपण नेमकं उलटं करतो. जो उभा आहे त्यालाच विचारतो, का रे बाबा थकलास?

तिसरं सांगते, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तळावर संध्याकाळी समाज आरती होते. चोपदार चोप उंच करतो, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिथं चालत जातो, काय झालं ते ऐकून घेतो. जागा मिळाली नाही, टँकर आला नाही, कुणी वाईट बोललं. निवाडा होतो, मग टाळ शांत होतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती. म्हणजे तक्रार करणाऱ्याला भांडखोर ठरवत नाहीत, तिला जागा ठेवली आहे. आणि आजचं दुखणं आजच ऐकलं जातं, उद्याच्या चालीत ते बरोबर घेऊन जायचं नाही. आमच्या त्या ताईचं दोन वर्षांत कुणी असं ऐकलं नाही. तिचे टाळ वाजत होते, गावाला तो उत्साह वाटला.

आता कुणी म्हणेल, ताई, संतांनी विसावा घेतला का? देह झिजवला. हे मी लई वेळा ऐकलंय, बहुतेक करून ज्यांनी स्वतः काही झिजवलेलं नाही त्यांच्याकडून. गाडगेबाबांचं उदाहरण देतात. पण बाबांच्या कामाची रीत बघा. गावात आले की खराटा हातात. ते झाडायला लागले की गावाला लाज वाटून गाव झाडायला लागायचं. रात्री कीर्तन, आणि मग पुढच्या गावाला. गावाची घाण गावानंच काढायची, ती कायमची बाबांनी अंगावर घेतली नाही. धर्मशाळा बांधल्या, पण कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. एवढं उभं करून दुसऱ्याच्या हाती देणं, हे झाडण्यापेक्षा अवघड आहे. आपल्याला बचत गटाची वही दुसरीच्या हाती देववत नाही!

विनोबांचंही तसंच. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, आणि पुढं जवळजवळ तेरा वर्षं ते चालत राहिले. पोटाचं दुखणं जुनं. तरी तेरा वर्षं कशी निभली? पहाटे ठरल्या वेळी निघायचं, रोजचं चालणं बेताचं, मुक्कामाला सभा, आणि रात्री लवकर आडवं व्हायचं. ही वारीचीच चाल झाली. आणि १९६६ मध्ये बाहेरच्या कामातून अंग काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते उघड सांगितलं.

साने गुरुजींचं नाव पंढरीच्या वाटेवर घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आज विठोबाच्या पायावर कुणाही जातीच्या माणसाला डोकं ठेवता येतं, त्यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण केलं. आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव मंदिरं, विहिरी खुल्या करायला लावल्या. पुढच्या वर्षी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा २१ दिवसांचं उपोषण केलं. आणि ११ जून १९५० ला, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली असताना, त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी कारण लावणार नाही, कुणी लावू नये. मी एवढंच म्हणते की सगळ्या जगाचं दुःख पोटात घेणारं माणूस आपल्यातही असतं, हसत कामं करतं, आणि आत काय चाललंय ते आपण विचारत नाही. असं कुणी दिसलं, झोप नाही, जेवण नाही, जगणं नको म्हणतंय, तर त्याला प्रवचन देऊ नका. शेजारी बसा. डॉक्टरकडं न्या. सरकारचा १४४१६ हा फुकटचा फोन आहे, मराठीत बोलता येतं. पाय मुरगळला तर आपण तेल लावतो ना, मग मनालाच का लाजायचं?

बायांचं थोडं वेगळं आहे, तेही बोलते, पुरुष मंडळींनी राग मानू नये. गडी समाजसेवेला निघाला तर घरात त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं. बाई निघाली तर तिनं सगळ्यांची ताटं झाकून निघायचं असतं. ती काम सोडते तेव्हा गावाच्या कामाला कंटाळलेली नसते, दोन्हीकडच्या कामाला मिळून कंटाळलेली असते. या दिंडीत ज्या आयाबाया आल्यात, त्यांची म्हैस आज कुणी तरी पिळतंय. कुणी सुनेनं, कुणी जावेनं, दोन-चार घरी नवऱ्यानंसुद्धा. ती व्यवस्था वारीसाठी होते, मग ग्रामसभेसाठी का होत नाही?

त्या ताईंचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. सहा महिने दार बंदच होतं. मग पाच जणी गेल्या. कामाचं बोलायला नाही, भाकऱ्या घेऊन. बोलत-बोलत ठरलं की कामाचा एक वेगळा साधा फोन घ्यायचा, दर सोमवारी तो पुढच्या बाईकडं जाणार. ज्या आठवड्यात फोन माझ्याकडं नाही, त्या आठवड्यात माझ्या दारात कुणी तक्रार घेऊन आलं तर, फोन अमकीकडं आहे, एवढंच सांगायचं. पेन्शनचे कागद एकीकडं, पोलीस ठाण्याचं काम दोघींकडं, एकटीनं तिथं जायचंच नाही. शनिवारी रात्री हरिपाठ झाला की अर्धा तास फक्त एकमेकींचं ऐकायचं, त्यात उपदेश करणारीला उठवतात! दारू पुरी थांबली का? नाही. टपरीवाला अजून अधूनमधून विकतो, आणि या अधूनमधून त्याला पकडून देतात. पण त्या पाचाच्या नऊ झाल्यात, आणि ताई आठवड्यातला एक दिवस कामाला देते. जास्त मागितला तर नाही म्हणते. आता तिला नाही म्हणता येतं.

आपल्या दिंडीपुरतं मागणं एवढंच आहे. आपल्या गावाची पाणी-स्वच्छतेची समिती शंभराव्या वर्षी नव्यानं बांधायचीय. माझी सूचना अशी की मुदत वारीची ठेवा. आषाढीला एकानं घेतलं तर कार्तिकीला दुसऱ्याच्या हाती, कार्तिकीचं आषाढीला तिसऱ्याच्या. चार महिने आणि आठ महिने, वाटणी सारखी नाही, मला कळतंय. पण पावसाळ्यातले चार महिने शेतकऱ्याला आठांएवढेच असतात. प्रत्येक कामाला दोन नावं, एक गडी, एक बाई. हिशेबाची वही सोपवताना सगळ्यांसमोर सोपवा, आणि उतरणाऱ्याला नारळ द्या. भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर मी रकाने आखून ठेवलेत. आज झोपायच्या आधी नावं द्या, कारण पंढरपुरात कुणी कुणाला सापडत नाही. रात्रीच्या पहाऱ्यासारखं एक काम आहे, पावसाळ्यात टाकी धुवायचं, त्याला अजून नाव नाही. त्या रकान्यात पहिलं नाव कोण देतंय, हात वर करा. बरं झालं, सुभेदारांच्या मागं एक हात दिसला. दुसरा बायांमधून पाहिजे.

उद्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे. गर्दीत म्हाताऱ्यांना मधे घ्या, पोरांच्या खिशात दिंडीचा नंबर लिहून ठेवा. ज्यांच्या पायाला फोड आलेत त्यांनी मृदंगाच्या ट्रकपाशी या, तेल आणि पट्टी आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. राम कृष्ण हरी.