अर्धी राहिलेली पोथी

माणूस गेला म्हणजे त्याच्या मागें घरांत ज्या वस्तु उरतात, त्यांची व्यवस्था लावण्याची रीत आपल्याकडे ठरलेली आहे. वस्त्रें गरजूंना द्यावयाचीं, भांडींकुंडीं वांटून घ्यावयाचीं, सावकाराचें देणें असेल तर मुलांनीं फेडावयाचें. परंतु गेलेल्या माणसानें हौसेनें आरंभलेलें आणि अर्ध्यावर सुटलेलें एखादें काम असेल, तर त्याचें काय करावें, हें कोणत्याहि धर्मशास्त्रांत किंवा कायद्यांत सांगितलेलें नाहीं. तें कपाटांत पडून राहतें. आणि मागें राहिलेल्या माणसाचें वय जसजसें वाढतें, तसतसें तें कपाट उघडण्याचें धैर्य कमी होत जातें.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले, तेव्हां त्यांच्या मागेंहि अशी एक पोथी राहिली. महाराष्ट्र ज्यांना फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखतो, त्या टिळकांनीं येशू ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध मराठींत गाण्याचा संकल्प केला होता. ‘ख्रिस्तायन’ हें त्याचें नांव. दहा अध्याय पुरे झाले होते आणि अकरावा अर्ध्यावर थांबला होता. पत्नी लक्ष्मीबाई या वेळीं पन्नाशीस आल्या होत्या.

पोथी पुढें नेण्यास त्यांच्यापाशीं साधनें तरी कोणतीं होतीं? जन्म १८६८ सालीं, नाशिकजवळच्या जलालपुरांत. माहेरीं वडिलांचें सोंवळें विलक्षण कडक; बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं, अशी शिस्त. अकराव्या वर्षीं लग्न झालें. शाळेची पायरी त्या कधीं चढल्या नाहींत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हातून, आणि तीहि त्या कविमनाच्या लहरीप्रमाणें.

१८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. जवळजवळ पांच वर्षें पतिपत्नी एकमेकांपासून दूर होतीं. अशा स्त्रीनें एक तर नवऱ्यामागून मुकाट्यानें जावें, नाहीं तर त्याच्या नांवानें स्नान करून मोकळें व्हावें, असे दोनच मार्ग त्या काळच्या समाजाला दिसत होते. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण आपलें सोंवळें आणि आपली वेगळी चूल घेऊन परतल्या. पुढें विचारांतींच त्यांनीं जातिभेद टाकला, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. पतीचा धर्म त्यांनीं पत्करला खरा. परंतु आपल्या मनाला पटेपर्यंत त्याला वाट पाहावयास लावली.

पुढच्या गोष्टीची किल्ली या हकीकतींत आहे. जिनें धर्मासारखी गोष्ट नवऱ्याच्या शब्दावर उचलली नाहीं, ती त्याचें काव्य केवळ पत्नीधर्म म्हणून उचलील, हें संभवत नाहीं. ‘ख्रिस्तायन’ हातीं घेतलें तेव्हां तें त्यांचें स्वतःचें काम झालेलें होतें.

अडचण भाषेची होती. टिळक संस्कृत काव्यांत मुरलेले. लक्ष्मीबाईंची मराठी माजघरांतली, विहिरीवरची, पाहुण्यारावळ्यांची. पंडिताच्या अर्ध्या पोथीला अशी भाषा जोडणें म्हणजे शालूला लुगड्याचा पदर लावण्यासारखें, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु ओवी ही जशी ज्ञानेश्वरांची आहे, तशीच ती जात्यावर बसणाऱ्या बायकांचीहि आहे. त्या छंदासाठीं लक्ष्मीबाईंना कोणाच्या दारीं जावयाचें नव्हतें. टिळकांच्या शैलीची नक्कल करण्याच्या भरीस न पडतां त्यांनीं आणखी चौसष्ट अध्याय रचले. जेवढें पतीनें लिहिलें, त्याच्या सुमारें सहापट पत्नीनें!

त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचीहि गोष्ट अशीच आहे. टिळकांचें चरित्र लिहिण्यास उपयोग व्हावा म्हणून पुत्र देवदत्त यांनीं आईला आठवणी लिहावयास सांगितल्या. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रें’ निर्माण झालीं, आणि १९३४ पासून त्यांचे भाग प्रसिद्ध होऊं लागले. तेव्हां लक्ष्मीबाईंनीं पासष्टी ओलांडली होती. पतीची तऱ्हेवाईक उदारता, अचानक घर सोडून निघून जाण्याची त्यांची खोड, दारिद्र्य, ताटातूट, मुलांचीं आजारपणें, सारें त्यांत आहे. पण पानें उलटतांना वाचक वारंवार हंसतो. कारण लिहिणारी बाई पतीला हंसते आणि त्याहून अधिक स्वतःला हंसते. दुःखाचें वर्णन करण्यास मोठाले शब्द शोधण्याची तिला गरज भासत नाहीं. तरुणपणीं माणूस शब्द गोळा करतो. उतारवयांत त्यांतले पुष्कळसे गळून जातात. जे राहतात, ते रोजच्या वापरांतले. लक्ष्मीबाईंचें गद्य अशा उरलेल्या शब्दांवर उभें आहे, म्हणून तें अजून शिळें झालेलें नाहीं.

वृद्धपणीं अनेकांना वाटतें कीं, सोबती गेला, आतां आपण केवळ दिवस मोजावयाचे. दुसरे कित्येक गेलेल्याचा शब्द ओझ्यासारखा वाहतात आणि त्याखालीं वांकून जातात. यांपैकीं कोणालाहि दोष देतां येत नाहीं. मृताचा प्रत्येक संकल्प मागच्यांनीं पुरा केलाच पाहिजे, असेंहि नाहीं. कांहीं संकल्प त्याच्याबरोबरच विसर्जन करण्यासारखे असतात. पण जो संकल्प आपलाहि झाला आहे, तो पुरा करतांना गेलेल्याचा आवाज काढण्याची आवश्यकता नाहीं. आपल्याला येत असलेल्या भाषेंत तो पुरा करावा. त्यांत जोड दिसेल, दिसूं द्यावी. तो जोड हाच दोघांच्या सहवासाचा पुरावा होय.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलें तें १९३८ सालीं. टिळकांनीं आरंभ केला, लक्ष्मीबाईंनीं शेवट केला, आणि छापील ग्रंथ दोघांपैकीं कोणींच पाहिला नाहीं. परंतु कपाटांत पोथी मात्र अर्धी राहिली नव्हती.