निमोची पिल्लं आणि गटाचे पैसे

आम्ही मारुंजीहून बोलतोय. आमच्या गावाला हिंजवडी लागूनच, त्यामुळे आता घरोघरी काचेची पेटी आणि तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा दिसतो. पोरं त्याला 'निमो' म्हणतात, 2003 च्या त्या सिनेमावरून. खरं नाव क्लाउनफिश. गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, हे मासे आपणच वाढवून विकले तर?" तेव्हापासून काय काय झालं, ते सांगतो.

गटाचे पैसे आम्ही लगेच काढले नाहीत. तिघींनी स्वतःच्या खिशातून एक पेटी मांडली. हा समुद्राचा मासा, त्याला बोअरचं किंवा टँकरचं पाणी चालत नाही. आरओच्या पाण्यात माशांसाठी मिळणारं समुद्री मीठ घालायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. जेवणातलं मीठ नको. आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही फरशी पुसायला ठेवतो, उन्हाळ्यात तेवढाच आधार.

दोन लहान मासे आणले. नर-मादी निवडायची गरजच नाही. हे मासे जन्मतात ते मादी म्हणून नाहीच. दोघांत जो मोठा आणि दांडगा होतो तो पुढे मादी होतो, दुसरा नर राहतो. मादी मेली तर नराचीच मादी होते. हे ऐकून बैठकीत जे हसणं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

वर्ष उलटल्यावर त्यांनी मातीच्या कुंडीला अंडी चिकटवली, नारिंगी, दोन-तीनशे तरी असतील. बाप दिवसभर पंखांनी वारा घालतो, खराब अंडी तोंडानं काढतो. आठवड्याभरात अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले की समजायचं, आता दिवस भरले. पिल्लं रात्री, दिवे मालवल्यावर बाहेर पडतात. म्हणून त्याच संध्याकाळी कुंडी वेगळ्या टाकीत हलवायची. टाकीतलं पाणी मोठ्या पेटीतलंच हवं आणि कुंडीजवळ हवेचे बुडबुडे सोडायचे.

इथवर सोपं वाटलं. तिसऱ्या दिवशी सगळी पिल्लं मेली. आम्ही बाजारातलं खाद्य कुटून, चाळून टाकलं होतं. पण या पिल्लांना हलणारं, जिवंत खाद्य लागतं, तेही डोळ्यांना धड न दिसणारं. त्याला रोटिफर म्हणतात. रोटिफर जगतात हिरव्या शेवाळाच्या पाण्यावर. म्हणजे आधी शेवाळ, मग रोटिफर, मग पिल्लं. आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली होती. पोर जन्माला आल्यावर गाय शोधायला निघावं, तसं.

मग दोन महिने खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. रोटिफरच्या बादल्या दोन ठेवल्या, एक नासली तरी दुसरी हाताशी. पुढच्या खेपेला पिल्लं आठवडाभर छान होती, आणि एका रात्री लाईट गेली. हवेचा पंप बंद. सकाळी मोजकीच उरली. आता बॅटरीवरचा पंप घेतलाय. तिसऱ्या खेपेला आठ-दहा दिवस रोटिफर, मग आर्टेमियाची पिल्लं असं दिलं. दोन आठवड्यांच्या सुमारास अंगावर पांढरे पट्टे उमटले, तेव्हा आम्ही तिघी टाकीपाशी बसून राहिलो. पन्नासेक वाचली. दुकानदारानं पट्टे अर्धवट असलेली बाजूला काढून भाव पाडला, तो भाग वेगळा.

आता पैशांचं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च 3 लाख धरलाय, महिलांना 60 टक्के अनुदान. एकदम 1 लाख 80 हजार डोळ्यांसमोर येतात. पण उरलेले 1 लाख 20 हजार आपले, आणि ते एका लाईट जाण्यावर टांगलेले. म्हणून गटानं अजून अर्ज केलेला नाही. आमचं मत असं, की अंडी उबवण्याची जोखीम हॅचरीनं घ्यावी आणि बायकांनी पट्टे आलेली पिल्लं घेऊन ती विकण्याजोगी वाढवावीत. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची अशा माशांची हॅचरी आहे. ती बघायला जायचं ठरवलंय.

तोवर आमची जोडी अंडी घालतेच आहे. कालच कुंडी परत नारिंगी झाली. रोटिफरच्या दोन्ही बादल्या सध्या चांगल्या आहेत.