झटका ओसरल्यानंतरचे आयुष्य
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. वाचून आणि पाहून जे समजले, तेवढेच आपणापुढे ठेवतो.

ऐन कॉलेजच्या वयात एखादा मुलगा रात्ररात्र झोपत नाही, भराभर बोलतो, पैसे उधळतो. हा उन्माद. काही महिन्यांनी तोच मुलगा अंथरुणातून उठत नाही, जगणे नको म्हणतो. हे नैराश्य. या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. आपण मात्र 'बाहेरचे झाले' म्हणून अंगारे-धुपारे करतो, नाहीतर 'लग्न करून द्या, ठीक होईल' म्हणतो. त्यात मोलाची वर्षे जातात.

आईबापांचा पहिला प्रश्न असतो, पोरगा बरा होईल का? अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात या आजाराने प्रथमच दाखल झालेल्या १६६ रुग्णांची पुढील काही वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत ९८ टक्के रुग्णांचा झटका ओसरला होता. परंतु कामधंदा आणि राहणीमान पूर्वपदावर आलेले रुग्ण केवळ ४३ टक्के होते. म्हणजेच झटका ओसरणे वेगळे आणि आयुष्य रुळावर येणे वेगळे. पहिल्यासाठी औषध लागते, दुसऱ्यासाठी औषधाबरोबर माणसेही लागतात.

बरे वाटले की गोळ्या बंद करणे ही सर्वांत घातक गोष्ट. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. आजही ते प्रमुख औषध आहे. त्याने आत्महत्येचा धोकाही कमी होतो. मात्र रक्त, मूत्रपिंड व थायरॉईडच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. अमेरिकेतील के रेडफील्ड जेमिसन यांना तरुणपणीच हा आजार जडला. औषध सोडल्याने त्या पुन्हा पुन्हा आजारी पडल्या, मरणाच्या दारातून परतल्या. पुढे नियमित उपचार घेत त्या याच विषयाच्या प्राध्यापिका झाल्या आणि १९९५ साली त्यांनी स्वतःची कहाणी उघडपणे लिहिली.

माझ्या परिचयातील एक मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आजारी पडली. वर्ष बुडाले म्हणून वडिलांनी बोल लावला नाही. पुढच्या जूनला तिला पुन्हा त्याच वर्गात बसवले. आज ती नोकरी करते, आणि गोळ्याही घेते.

मित्रांनो, वर्गातला सोबती सहा महिन्यांनी परत आला तर त्याला 'वेडा' म्हणू नका. आपल्या वह्या द्या, शेजारी बसवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केला आहे. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ताप उतरला की आपण रुग्णाला पेज देतो, लगेच कामाला जुंपत नाही. मनाच्या आजारातून उठलेल्या लेकरालाही तेवढीच सवड द्या, आणि त्याची जागा राखून ठेवा.